मध्यमवर्गाची पहिली चित्रखरेदी

घराकरितां एखादें चित्र विकत घ्यावें असें मनांत येतांच पुष्कळांस संकोच वाटतो. चित्रकलेंतलें आपणांस काय कळतें, हा तो संकोच होय. इतिहास पाहतां, हाच प्रश्न आपल्या पूर्वजांपुढेंही उभा राहिला होता, असें आम्हांस दिसतें.

पेशवाईंत भिंतीवरील चित्रें हा मुख्यत्वें देवळांचा व सरदारांच्या वाड्यांचा अलंकार असे. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यांत त्याच्या खुणा अद्याप आहेत. सामान्य गृहस्थाची मजल देव्हाऱ्यापुरतीच. सन १८७८ त विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास चित्रशाळा काढली आणि रामपंचायतन, नाना फडणवीस अशीं रंगीत चित्रें घरोघर जाऊं लागलीं. पुढें १८९४ त राजा रविवर्मा यांनीं मुंबईस छापखाना घातला. तो कांहीं वर्षांनीं लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. राजवाड्यांत टांगावयाच्या चित्रांची प्रतिकृति आतां कारकुनाच्या माजघरांत आली.

हीं चित्रें दगडावरून छापीत. प्रत्येक रंगास निराळा दगड लागे, आणि कागद रेसभर सरकला कीं ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. म्हणून चोखंदळ गिऱ्हाइकानें प्रथम पाहावयाचें तें हेंच कीं, रंग आपापल्या रेषेंत बसले आहेत कीं नाहींत. कलेच्या परीक्षेची ही पहिली पायरी कोणासही चढतां येण्यासारखी होती.

पुढें आनंद कुमारस्वामींसारख्या पंडितांनीं रविवर्म्यांच्या चित्रांस नाटकी ठरविलें. या टीकेंत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि, ज्यानें तीं विकत घेतलीं त्यास शकुंतला व दमयंती परक्या नव्हत्या. त्यानें ओळखीचें तेंच निवडलें. रोज दृष्टीस पडणाऱ्या चित्रानेंच पुढच्या पिढीस बरेंवाईट निवडण्याची दृष्टि दिली. टीकाकारांची अभिरुचि तरी पाहिल्यावांचून थोडीच घडली होती?

तेव्हां नवशिक्यानें नांवाला वा किंमतीला भुलूं नये. मुंबईच्या आर्ट सोसायटीसारख्या संस्थांचीं प्रदर्शनें आधीं मनमुराद पाहावीं. मग जें चित्र घरीं परतल्यावरही डोळ्यांपुढून हालत नाहीं, तें एकच घ्यावें. उसन्या मतानें घेतलेल्या दहा चित्रांपेक्षां आपल्या डोळ्यांनीं निवडलेलें एक चित्र घरास अधिक शोभतें.