आर-स्क्रिप्टचे कूळ

चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यात सोयाबीन-कापसाच्या नुकसानीची बोलणी या रेषेपासून सुरू होतात. भोकर, किनी, मोघाळी, मातूळ अशा मंडळांचे रोजचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर येतात. जून ते सप्टेंबरचे आकडे एका फाइलीत साठवले, तर कोणत्या मंडळाने कोणत्या तारखेला रेषा ओलांडली हे काढायला आर भाषेच्या पाच-सहा ओळी पुरतात. त्या ओळी फाइलीत लिहून ठेवायच्या, टर्मिनलवर ‘आर-स्क्रिप्ट’ आणि पुढे फाइलीचे नाव टाइप करायचे, एन्टर दाबायचे. खिडकी उघडत नाही, प्रश्न येत नाही. मंडळे आणि तारखा समोर उमटतात. आर जगाला दिसल्यापासून ही सोय हाती यायला मात्र चौदा वर्षे लागली.

याचे कारण आरच्या घराण्यात आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ भाषेची आखणी सुरू केली. त्याआधी तिथले संख्याशास्त्रज्ञ फोर्ट्रानमध्ये लिहिलेली उपकार्ये वापरत. छोटासा आलेख बघायचा तरी आधी एक पूर्ण प्रोग्राम लिहावा लागे. एसने ती अडचण दूर केली. एक ओळ लिहा, उत्तर बघा, त्यावरून पुढची ओळ सुचू द्या. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आर रचला तो याच वळणावर. १९९३मध्ये त्याची पहिली जाहीर प्रत आली आणि १९९५मध्ये मार्टिन मेख्लर यांच्या आग्रहावरून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. एसची बाजारातली आवृत्ती विकत घ्यावी लागे. आर फुकट मिळाला, म्हणून तो आपल्याकडच्या महाविद्यालयांपर्यंत पोचला. माझ्या मते त्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय.

माणसाला समोर न बसवता हिशेब करून घेण्याची रीत या दोन्ही भाषांपेक्षा जुनी. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. तेव्हा काम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावरून होई. गठ्ठा द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे आणि छापील उत्तर घेऊन जायचे. एका कार्डावर चूक निघाली, तर ती दुरुस्त करून पुन्हा रांगेत. याला ‘बॅच’ म्हणत. एसने संवादाला पहिले स्थान दिले, तरी बॅचची सोय जवळ ठेवली, आणि तीच नावासकट आरमध्ये उतरली: ‘आर सीएमडी बॅच’, पुढे फाइलीचे नाव.

तिचे वागणे जवळून बघण्यासारखे आहे. उत्तर पडद्यावर येत नाही. शेजारी नवी फाइल तयार होते. तिच्यात आपली प्रत्येक ओळ ‘>’ खुणेसह पुन्हा उतरवलेली असते, खाली तिचे उत्तर, आणि शेवटी किती सेकंद लागले याची नोंद. तपासणाऱ्याला हे उपयोगी, पण ते उत्तर उचलून दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचे झाले तर सगळी झाडलोट आपल्याकडे. खरा धोका याहून आत आहे. आर बंद करताना तो विचारतो, आत्तापर्यंतचे सगळे जपून ठेवू का? ‘हो’ म्हटले, की तयार केलेले तक्ते आणि संख्या त्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत जातात. बॅच ती जुनी साठवण काही न विचारता उघडते आणि काम संपल्यावर पुन्हा साठवते. समजा, गेल्या वर्षीचा ‘पाऊस’ नावाचा तक्ता तिथे पडून आहे, आणि यंदाच्या फाइलीत तो तक्ता नव्याने वाचण्याची ओळ लिहायची राहिली. काम अडत नाही, चूकही दाखवली जात नाही. गेल्या वर्षीच्या पावसाचे उत्तर यंदाचे म्हणून हातात पडते. पीक नुकसानीच्या आकड्यांत असे झाले, तर ते कोणाच्या लक्षात येईल?

युनिक्सच्या जगात तोवर दुसरी एक वाट रुळली होती. १९८०मध्ये डेनिस रिची यांनी युनिक्सच्या गाभ्यात अशी सोय केली, की फाइलीची पहिली ओळ ‘#!’ने सुरू झाली आणि पुढे एखाद्या प्रोग्रामचा पत्ता असला, तर ती फाइलच आज्ञा म्हणून चालावी. पर्ल, पायथन या भाषा हिच्यावर वाढल्या. आरला मात्र ती वापरता येईना. गाभा अशा वेळी त्या प्रोग्रामला फाइलीचे नाव देतो, आणि नुसते नाव दिले तर आरला त्याचे काय करायचे ते कळत नसे. शिवाय आपण ‘आर’ म्हणून जे चालवतो ती स्वतःच एक शेल-स्क्रिप्ट. जिच्या पहिल्या ओळीत दुसऱ्या स्क्रिप्टचा पत्ता आहे अशी फाइल अनेक युनिक्स प्रणाली चालवत नसत. लोक फाइल ‘<’ खुणेने आरच्या तोंडात ओतत. पण मग आकडे आत पाठवायचा मार्ग त्या ओळींनीच अडलेला असे.

ही कोंडी प्रथम फोडली जेफ्री हॉर्नर आणि डर्क एडेलब्युटेल यांनी, २००६मध्ये. त्यांचा ‘लिटलर’ हा छोटासा प्रोग्राम आरचे इंजिन थेट आपल्या पोटात घेतो आणि पटकन सुरू होतो. तो चालवायची आज्ञा म्हणजे नुसते छोटे ‘आर’ अक्षर. मॅकच्या नेहमीच्या मांडणीत मोठे-छोटे अक्षर वेगळे धरले जात नसल्याने तिथे ते मूळ आरशी भिडते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००७मध्ये, आरच्या २.५.० या आवृत्तीबरोबर ‘आर-स्क्रिप्ट’ आला. तो सी भाषेतला लहानसा प्रोग्राम, म्हणून ‘#!’ पुढे चालतो. आरला उठवताना तो तीन गोष्टी सांगतो: ओळी पुन्हा छापू नकोस, जुनी साठवण उघडू नकोस, अमुक फाइल वाच. यातली दुसरी सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यामुळे गेल्या वर्षीचा तो तक्ता आता मधे येत नाही. ओळ राहिली असेल तर काम तिथेच थांबते आणि ‘पाऊस’ सापडला नाही असे स्पष्ट सांगते.

नंतरच्या सुधारणा बारीक, पण हव्याच होत्या. सुरुवातीला आर-स्क्रिप्ट वेळ वाचवण्यासाठी ‘मेथड्स’ हे पॅकेज आपणहून घेत नसे. त्यामुळे समोर बसून चालवलेले काम फाइलीतून चालवताना मधेच अडे. २०१८च्या ३.५.० आवृत्तीत ते मिटले. ओळी न छापण्याच्या सूचनेला पूर्वी ‘स्लेव्ह’, म्हणजे गुलाम, असे नाव होते. २०२०मध्ये ४.०.० आवृत्तीत त्या जागी ‘नो-एको’ आले. उशिरा का होईना, योग्य झाले.

आता आपल्याकडच्या वर्गांकडे वळू. महाराष्ट्रात १९५३मध्ये वसंत शंकर हुजूरबाजार यांनी उभ्या केलेल्या पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची परंपरा मोठी आहे. सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचे आरमधून संख्याशास्त्र शिकवणारे इंग्रजी पुस्तक २००८मध्ये आले. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्पही आरचा प्रसार करतो. तरी वर्गात विद्यार्थी बहुतेक आरस्टुडिओच्या खिडकीतच काम करताना दिसतो, आणि ओळी खालीवर करून चालवण्याची सवय तिथेच लागते. शिकताना ते चालेल. पण प्रकल्पाची वही देण्याआधी फाइल एकदा आर-स्क्रिप्टने पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून दाखवायला प्रत्येक शिक्षकाने सांगावे, असे मला मनापासून वाटते.

सोपा वापरही बघा. फाइलीच्या नावापुढे ‘भोकर’ लिहिले, की ‘कमांडआर्ग्ज’ या फंक्शनने तो शब्द आत घेता येतो; त्याच ओळी ‘मुदखेड’ किंवा ‘हिमायतनगर’ दिल्यावर त्या तालुक्याचा हिशेब करतात. आकडे दुसऱ्या प्रोग्रामकडून थेट घ्यायचे असतील, तर फाइल म्हणून अवतरणचिन्हांत ‘एसटीडीइन’ उघडावे. त्याच नावाचे आरचे फंक्शन वापरले तर घोटाळा होतो, आणि नवख्यांचे तास इथेच जातात. काही चुकले तर आर-स्क्रिप्ट शून्याखेरीज दुसरा आकडा परत करून थांबतो. त्यावरून ‘क्रॉन’ने, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामने, पहाटे लावलेल्या कामाला कळते, की आजचा तक्ता पुढे पाठवायचा नाही.