रीडायरेक्टने क्रमांक चढत नाही

ब्लॉग लिहिणाऱ्यांत एक समज पक्का रुजला आहे: सर्व्हरवरच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत रीडायरेक्टचे, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवण्याचे, चार नियम घातले की ब्लॉग गूगलच्या शोधात वर सरकतो. हा समज अगदीच निराधार नाही. एकच लेख एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, असा चार पत्त्यांवर उघडत असेल, तर बाहेरून आलेले दुवे त्या चारांत विखुरतात. ३०१ चा नियम लावून ते एका पत्त्यावर आणले, तर क्रमांक कधी सुधारतोही. पूर्वपक्ष इथवर मान्य.

पण सुधारतो तो लेखाचेच विखुरलेले वजन एकत्र आल्यामुळे. पत्ता कायमचा बदलला, एवढेच ३०१ सांगतो. वर्डप्रेसवर पत्त्यातले ‘/२०१४/०६/’ काढून टाकले, तर जुन्या पत्त्याची कमाई या नियमाने नव्याकडे जाते. जुन्याने काही कमावलेच नसेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

३०१ ऐवजी तात्पुरत्या बदलाचा ३०२ पडला की सारे बुडाले, हाही बागुलबुवाच. ३०० च्या मालिकेतल्या रीडायरेक्टमुळे पेजरँक, म्हणजे दुव्यांतून मिळणारे वजन, घटत नाही, असे गूगलच्या गॅरी इलियस यांनी २०१६ मध्येच सांगितले. फरक उरतो तो संकेताच्या जोराचा: शोधनिकालात नवा पत्ता दाखवावा, हे ३०१ ठामपणे सुचवतो, ३०२ दबक्या आवाजात.

युक्त्यांची गत याहून वाईट. काढून टाकलेले सगळे लेख मुखपृष्ठाकडे वळवले, तर गूगल ते ‘सॉफ्ट ४०४’ धरते, म्हणजे पान नसल्यातच जमा. मुदत संपलेली डोमेन विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर निकृष्ट मजकूर वर चढवण्याचा उद्योग मार्च २०२४ मध्ये गूगलच्या स्पॅम-धोरणात आला. शिवाय नियमांवर नियम चढवले की साखळी तयार होते: आधी एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग नवा पत्ता. गूगलचा क्रॉलर असे दहा टप्पे पार करतो. मोबाइलवरचा वाचक मात्र दर टप्प्याला ताटकळतो.

तेव्हा पत्ता बदलला तरच नियम लिहा, थेट शेवटच्या पत्त्यावर न्या आणि गूगलच्याच सल्ल्याप्रमाणे किमान वर्षभर काढू नका. क्रमांक हवा असेल, तर एचटीअ‍ॅक्सेस बंद करून लेख उघडा.