मामांच्या शर्टाची भोकं

माझ्या मामांच्या कामाच्या शर्टांना बारीक बारीक भोकं असायची. सातपूरच्या एका कारखान्यात ते स्पॉट वेल्डिंग करायचे. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, गनच्या तांब्याच्या टोकांमध्ये दाबायचे, करंट सोडायचा. क्षणात ठिपका जुळतो आणि ठिणग्या अंगावर येतात. गन वर टांगलेली असली, तरी जाड केबलींसकट ती वळवायची हातानंच. आणि एका गाडीच्या सांगाड्याला असे काही हजार ठिपके लागतात!

'रोबोट' हा शब्द आपल्याला चकाचक वाटतो, पण त्याचं मूळ चेक भाषेतल्या 'रोबोता'त आहे. रोबोता म्हणजे वेठ. कारेल चापेकनं १९२०च्या नाटकात तो वापरला तेव्हा खरा रोबोट कुठंच नव्हता. तो आला १९६१मध्ये, न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात. जॉर्ज डेव्होलची कल्पना, जोसेफ एंगलबर्गरचा धंदा, नाव 'युनिमेट'. काम काय, तर साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचे. माणसानं करूच नये असंच ते काम होतं.

खरी गोष्ट पुढची आहे. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सनं वेल्डिंगसाठी युनिमेट लावले आणि तासाला शंभराच्या आसपास गाड्या काढायचं ठरवलं. रोबोट दमले नाहीत. पण त्याच लाइनवर उभ्या असलेल्या माणसांनाही तोच वेग गाठावा लागला. बहुतेक पोरं विशीतली. १९७२मध्ये त्यांनी संप केला.

तेव्हा आपल्या नाशिकचं औद्योगिक वय कोवळं होतं. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४चा. सातपूरची वसाहत तेव्हा नुकती भरत होती. पुढं २००२मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली, ती नाशिकमध्येच बनून. गाड्या अशा संख्येनं निघू लागल्या, की हजारावा ठिपका पहिल्यासारखाच पडावा लागतो. मोठ्या कारखान्यांच्या बॉडी शॉपमध्ये रोबोट शिरतो तो यासाठी. मजुरी वाचवणं हे एकच कारण नसतं. उलट अंबडमधल्या छोट्या वर्कशॉपात आज वीस नग, उद्या दुसरेच पन्नास. तिथं दर वेळी नवं फिक्स्चर आणि नवा प्रोग्राम परवडत नाही, म्हणून वेल्डर टिकून आहे. बजाजनं २०१०पासून माणसाशेजारी, पिंजऱ्याविना चालणारे 'कोबॉट' आणले, तो मधला मार्ग म्हणायचा.

मामांच्या कारखान्यातही रोबोट आला. त्यांची नोकरी गेली नाही. त्यांना फिक्स्चरमध्ये पत्रे लावायला उभं केलं. शर्टांना भोकं पडायची थांबली, मामी खूश झाली. मामा मात्र एकदा म्हणाले, पूर्वी हात भरून आला की मी गन सोडून घाम पुसायचो. आता मी थांबलो की तो थांबतो, आणि किती सेकंद थांबला ते वरच्या पडद्यावर लाल आकड्यांत येतं.