अर्थशास्त्र, वाणिज्य व व्यवस्थापन : तीन पदव्यांचा पूर्वेतिहास

अर्थव्यवहाराचा पदवीपर्यंत अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुंबई विद्यापीठात प्रामुख्याने तीन मार्ग असतात : कलाशाखेतील अर्थशास्त्र, वाणिज्य शाखेची बी. कॉम. आणि व्यवस्थापनाची बी. एम. एस. हे विषय मुळातच भिन्न, म्हणून त्यांच्या पदव्याही भिन्न, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तत्पूर्वीच या शास्त्राचा मराठीत प्रवेश झाला होता. लोकहितवादींनी त्याला ‘लक्ष्मीज्ञान’ (१८४९) म्हटले. हरि केशवजींनी ‘देशव्यवहारव्यवस्था’ (१८५४) हे नाव योजिले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ (१८५५) लिहिली. कौटिल्याचा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तो १९०९ मध्ये. म्हणजे ‘अर्थशास्त्र’ ही संज्ञा मराठीने त्याच्या अर्धशतक आधीच या नव्या विद्येला दिली होती. या तीन नावांत संपत्ती, व्यवहार आणि व्यवस्था या तिन्ही कल्पना एकाच शास्त्राच्या पोटात नांदत होत्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विद्यापीठीय शिक्षणात मात्र हे शास्त्र इंग्रजीतून, आणि बहुधा इतिहासाच्या जोडीने, शिकविले गेले. फर्ग्युसन महाविद्यालयात गोपाळ कृष्ण गोखले हे दोन्ही विषय शिकवीत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन महाविद्यालयात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, तेही इंग्रजीतच.

वाणिज्याची वेगळी चूल मांडली गेली ती १९१३ मध्ये, सिडनहॅम महाविद्यालयाच्या स्थापनेने. पेढ्या, विमा व हिशेबनिशी यांसाठी शिक्षित माणसे हवीत, ही तीमागील निकड होती. तथापि ज्ञानाची फाळणी तेव्हाही झालेली नव्हती. १९१८ पासून १९२० पर्यंत याच वाणिज्य महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे अध्यापन करीत होते. पुण्यात १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि ही शाखा मुंबईबाहेरही रुजली.

व्यवस्थापनाचे शिक्षण प्रथम पदव्युत्तर पातळीवर आले. अहमदाबाद व कलकत्ता येथील संस्था १९६१ च्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. मुंबई विद्यापीठाने पदवीपूर्व बी. एम. एस. सुरू केली ती १९९९ मध्ये, विनाअनुदानित तत्त्वावर.

सारांश, या तीन शाखा निर्माण झाल्या त्या त्या-त्या काळच्या गरजेतून. ज्ञानाच्या अंगभूत भेदातून नव्हेत. त्यांच्यातील आजचा एक भेद मात्र गंभीर आहे. अर्थशास्त्र व वाणिज्य यांच्या परीक्षांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची वाट आहे, बी. एम. एस.चे माध्यम इंग्रजी आहे. त्यामुळे मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी पुष्कळदा विषय निवडतच नाही. भाषा आणि शुल्क या दोन गोष्टी त्याच्यासाठी विषय निवडतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाला दुसऱ्या शाखेतील गौण विषयाची जोड देण्यास वाव दिला आहे. शाखांमधील भिंत त्यामुळे काहीशी खचेल. भाषेची भिंत केवळ नियमाने खचणार नाही. त्यासाठी परिभाषा, पाठ्यग्रंथ आणि ते समर्थपणे शिकविणारे अध्यापक लागतील. विद्यापीठ नसताना, सहा-सात वर्षांच्या अवधीत, एकाच शास्त्राला तीन नावे देण्याइतकी उमेद ज्या भाषेने दाखविली, तिला हे कार्य अशक्य मानण्याचे कारण नाही.