जूनची पहिली घंटा

जूनचा मध्य आला की वसईच्या वाड्यांत दोन कामे एकदमच दाराशी येऊन उभी राहतात. शेतात भाताची पेर असते आणि घरात शाळेची तयारी. आमच्या लहानपणी वरच्या वर्गातील मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतलेली पुस्तके, त्यांना घातलेली खाकी कागदाची कव्हरे आणि गळकी छत्री एवढ्यावर नवे वर्ष सुरू होत असे. ते वर्ष जूनमध्येच का सुरू व्हावे, हा प्रश्न त्या वयात आम्हांला कधी पडला नाही.

सर्व मुलांनी एकाच दिवशी शाळेत पाऊल टाकावे ही रीत वाटते तितकी जुनी नाही. पंतोजींच्या शाळेला वर्षारंभ असा नव्हताच. मुलगा पाच-सात वर्षांचा झाला, मुहूर्त साधला, बहुधा दसऱ्याला पाटीपूजन झाले, की तो पंतोजींच्या ओसरीवर जाऊन बसे. धुळाक्षरे गिरवावीत, पावकी-निमकी घोकावी, मोडी वळणावर हात बसवावा आणि ज्याने त्याने आपल्या गतीने पुढे सरकावे. पंतोजींना मोबदला पुष्कळदा धान्याच्या रूपाने मिळे. ही शाळा घराला आणि हंगामाला सोयीची होती, हे मान्य करावेच लागेल. पण त्या ओसरीवर बसत कोण होते? मुली जवळजवळ नाहीतच. अस्पृश्य मानलेल्यांची मुले तर तिच्या पायरीलाही लागत नसत.

आमच्या समाजाची गोष्ट याहून फार निराळी होती असे आम्ही म्हणणार नाही. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती; किल्ल्यात जेझुइटांचे कॉलेज होते आणि त्याचे भग्नावशेष आजही उभे आहेत. परंतु किल्ल्यात कॉलेज असणे वेगळे आणि वाडीतल्या कुणब्याच्या हाती पाटी येणे वेगळे. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी प्रार्थना जपल्या त्या मुख्यतः तोंडपाठ.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी अनुदानाची वाट खुली झाली आणि खासगी व मिशनच्या शाळांनाही तिचा लाभ घेता आला. पैशाबरोबर हजेरीपट आला, इयत्ता आल्या आणि तपासणीला येणारे ‘दिपोटी’ही आले. ज्याला पट ठेवायचा आहे त्याला वर्षाचा आरंभ आणि शेवटही ठरवावा लागतो. सामाईक पहिल्या दिवसाचे मूळ आम्हांला या कोरड्या कागदपत्रांत दिसते.

त्या पटावर सर्वांची नावे चढावीत यासाठी मात्र निराळी माणसे झटली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे जोतीरावांनी सांगितले. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ती सक्ती प्रत्यक्षात आणली.

पण कायदा झाला म्हणून आवणी थांबत नाही. जूनमध्ये भरलेला वर्ग जुलैत निम्मा दिसे. मुले चिखलात रोपे पोचवीत असत आणि मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राही. कोळीवाड्यात चित्र उलटे होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाप घरी, तेव्हा मुलगा शाळेत बसे. नारळी पौर्णिमा उलटून होड्या समुद्रात गेल्या की त्याची जागा रिकामी पडे. एका जूनने या दोन्ही घरांचे हंगाम कसे सांभाळावेत? मे महिन्यात गुरुजी, आणि कुठे कुठे धर्मगुरू व धर्मभगिनीही, घरोघर जाऊन मुले गोळा करीत. आयांना ते ओळखीचे असत. नकार तोंडावर देणे जड जाई.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिल्या दिवशी आता प्रवेशोत्सव होतो, मुलांच्या हाती फूल दिले जाते. २०२० च्या जूनमध्ये तर शाळा बंदच होत्या आणि धडे फोनवर आले. घंटेचा तो मुका महिना आम्ही विसरलेलो नाही.

आवणीसाठी मुलाला घरी ठेवणारी आई आता आमच्या वाड्यांत क्वचितच आढळते. तरीही मराठी प्राथमिक शाळेच्या शिक्षिका मे महिन्याच्या उन्हात पुन्हा घरोघर फिरताना दिसतात. आई आदराने बसायला खुर्ची देते, सरबत देते, आणि मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घातल्याचे अवघडून सांगते. पुष्कळदा ती आई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी असते.