कार्पल टनेल सिंड्रोमचे प्रतिमानिदान

कार्पल टनेल सिंड्रोमचे प्रतिमानिदान म्हणजे मनगटाच्या बोगद्यातून जाणाऱ्या मीडियन तंत्रिकेवर पडणारा दाब सोनोग्राफी, एमआरआय यांसारख्या तंत्रांनी मिळवलेल्या प्रतिमांच्या साहाय्याने ओळखणे होय. या विकाराचे निदान प्रामुख्याने रुग्णाची लक्षणे, हाताची तपासणी व तंत्रिकेची विद्युत-चाचणी यांवरून केले जाते. विद्युत-चाचणीतून तंत्रिकेचे कार्य कळते, तर प्रतिमेतून तिची रचना व तिच्या भोवतीची परिस्थिती दिसते. त्यामुळे या दोन्ही पद्धती परस्परांना पूरक आहेत.

शरीररचना

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत मांडलेली असतात. त्यांच्या तळहाताकडील खोलगट भागावर एक जाड, आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. हाडांचा तळ व अस्थिबंधाचे छत यांमधील अरुंद मार्गास कार्पल टनेल म्हणतात. त्यातून बोटे व अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन तंत्रिका जातात. बोगद्याच्या भिंती फारशा ताणल्या जात नाहीत. त्यामुळे कंडरांच्या आवरणास सूज आली, बोगद्यात गाठ झाली किंवा हाडे सरकली, तर आतील दाब वाढतो आणि सर्वांत मऊ असलेली तंत्रिका दबली जाते.

लक्षणे व निदानाचा इतिहास

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांत मुंग्या व बधिरता येते. करंगळी बहुधा सुटते. त्रास रात्री वाढतो आणि हात झटकल्यावर कमी होतो. तळहाताच्या अंगठ्याकडील उंचवट्यावरील त्वचेची संवेदना मात्र सहसा शाबूत राहते, कारण तिला जाणारी शाखा बोगद्याबाहेरून जाते. दुर्लक्ष झाल्यास त्या उंचवट्याचे स्नायू झिजतात. ही झीज एकदा वाढली की उपचारानंतरही पूर्णपणे भरून येतेच असे नाही. म्हणूनच वेळेवर निदान होणे महत्त्वाचे ठरते.

ब्रिटिश शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटाच्या अस्थिभंगानंतर ही तंत्रिका दबल्याची नोंद केली. १९५० च्या दशकात अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज फॅलन यांच्या लेखनामुळे हा विकार सर्वत्र परिचित झाला. मनगट सुमारे एक मिनिट वाकवून ठेवल्यावर मुंग्या येतात का, हे पाहण्याची चाचणी त्यांच्या नावाने ओळखली जाते.

सोनोग्राफी

या तंत्रात श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरल्या जातात. तंत्रिका त्वचेलगत असल्याने उच्च वारंवारतेचा (साधारणतः १२ ते १८ मेगाहर्ट्झ) सपाट शोधक वापरता येतो व बारकावे स्पष्ट दिसतात. १९९१ व १९९२ मध्ये बुखबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकारातील सोनोग्राफीच्या खुणांचे वर्णन प्रसिद्ध केले.

दाब पडलेली तंत्रिका बोगद्यात चपटी होते आणि दाबाच्या अलीकडे, म्हणजे बोगद्याच्या प्रवेशाजवळ, फुगते. म्हणून पिसिफॉर्म या वाटाण्यासारख्या हाडाच्या पातळीवर तिच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजतात. ही सर्वांत उपयुक्त मोजणी मानली जाते. निरनिराळ्या अभ्यासांत मर्यादामूल्य साधारणतः ९ ते १२ चौरस मिलिमीटरच्या दरम्यान धरले गेले आहे. शरीरयष्टीनुसार तंत्रिकेची जाडी बदलत असल्याने त्याच व्यक्तीच्या पुढल्या हातातील क्षेत्रफळाशी तुलना करणे अधिक न्याय्य ठरते.

याखेरीज पुढील खुणा पाहिल्या जातात :

* निरोगी तंत्रिकेच्या छेदात दिसणारी मधाच्या पोळ्यासारखी रचना पुसट होणे.
* अस्थिबंध तळहाताच्या दिशेने फुगणे.
* डॉप्लर तपासणीत तंत्रिकेतील रक्तप्रवाह वाढलेला दिसणे.
* बोटे हलवताना तंत्रिकेची सरकण्याची क्षमता कमी होणे.

काही व्यक्तींत तंत्रिका बोगद्याच्या आधीच दुभंगलेली असते किंवा तिच्यासोबत एक जादा रोहिणी असते. शस्त्रक्रियेपूर्वी ही माहिती मिळाल्यास शल्यचिकित्सकास इजा टाळता येते. विद्युत-चाचणीतून ही माहिती मिळू शकत नाही.

एमआरआय

एमआरआयमध्ये तंत्रिका, कंडरा, अस्थिबंध व हाडे एकाच वेळी दिसतात. दबलेली तंत्रिका टी-२ प्रतिमांत अधिक उजळ दिसते व तिची सूज आणि चपटेपणा मोजता येतो. गाठी, कंडरांच्या आवरणाचा दाह यांचा विस्तार ठरवण्यासाठी, तसेच शस्त्रक्रियेनंतर त्रास कायम राहिल्यास अस्थिबंध पूर्ण कापला गेला आहे की नाही हे पाहण्यासाठी ही तपासणी उपयोगी पडते. मात्र ती खर्चिक व वेळखाऊ असल्याने प्रत्येक रुग्णासाठी सुचवली जात नाही.

क्ष-किरण व सीटी स्कॅन

क्ष-किरण प्रतिमेत तंत्रिका दिसत नाही. जुना अस्थिभंग, वाकडे जुळलेले हाड किंवा संधिवात अशी कारणे शोधण्यापुरता तिचा उपयोग होतो. हाडांच्या रचनेचा अधिक तपशील हवा असल्यास सीटी स्कॅन केला जातो.

मर्यादा

केवळ प्रतिमेवरून निदान करणे धोक्याचे असते. सौम्य विकारात क्षेत्रफळ सर्वसामान्य असू शकते. उलट, मधुमेहजन्य तंत्रिकाविकारात बोगद्यात दाब नसतानाही तंत्रिका जाड दिसू शकते. सोनोग्राफीत शोधकाचा कोन थोडा कलला तरी मोजमाप व प्रतिमेची उजळता बदलते. त्यामुळे तपासणाऱ्याच्या कौशल्याला महत्त्व येते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही तंत्रिकेची सूज काही काळ टिकू शकते. म्हणून उरलेली सूज म्हणजे अपयश, असा अर्थ लावता येत नाही.

तज्ज्ञांच्या संघटनांमध्येही भर वेगवेगळ्या बाबींवर आहे. तंत्रिका-स्नायू व विद्युत-निदान क्षेत्रातील अमेरिकन संघटनेने २०१२ मध्ये क्षेत्रफळाची मोजणी अचूक असल्याचा निर्वाळा दिला. अस्थिशल्यचिकित्सकांच्या अमेरिकन अकादमीने २०१६ मध्ये एमआरआयचा सरसकट वापर न करण्याची शिफारस केली. लक्षणे नेहमीची व स्पष्ट असल्यास प्रतिमेवाचूनही निदान होऊ शकते. लक्षणे अनियमित असणे, त्रास एकाच हाताला व अचानक सुरू होणे, गाठ जाणवणे किंवा विद्युत-चाचणी निर्णायक नसणे, अशा प्रसंगी प्रतिमा विशेष उपयोगी पडते.

भारतातील संदर्भ

भारतात हाताच्या बधिरतेचा विचार करताना कुष्ठरोग वगळून चालत नाही. या रोगात तंत्रिका बऱ्याच लांबीपर्यंत आणि बहुधा अधिक प्रमाणात जाड होते. ही जाडी बोगद्यापुरती मर्यादित नसते, तसेच कोपराजवळील अल्नर तंत्रिकाही अनेकदा बाधित असते. सोनोग्राफीत हा फरक दिसू शकतो. तो न ओळखल्यास रुग्णावर अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याची आणि औषधोपचार लांबण्याची शक्यता असते. त्वचेवरील संवेदनाहीन चट्ट्यांची तपासणी म्हणूनच मनगटाच्या तपासणीइतकीच आवश्यक ठरते.

गर्भलिंगनिदानाच्या तंत्रांवर महाराष्ट्राने १९८८ मध्ये राज्यापुरता कायदा केला व १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. गर्भलिंग ओळखू शकणारी सोनोग्राफी यंत्रे वापरणाऱ्या केंद्रांना त्यानुसार नोंदणी करावी लागते. त्यामुळे असे यंत्र मनगटाच्या तपासणीसाठी वापरायचे असले तरी ते कायद्याच्या चौकटीत येते.