नर्तकीमागचे दोन गज

पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ सालीं उभी राहिली. तिच्या पलीकडच्या पेठांतून आमच्या लहानपणीं संध्याकाळीं तबल्याबरोबर सारंगीचा सूर कानीं पडे, आणि वडील मंडळी आम्हांस तेथून झपाट्यानें पुढें नेत. त्या सुराची हकीकत आज सांगावयाची आहे.

युरोपांतील चेलो या खर्जाच्या गजवाद्याला आपल्याकडे जवळचें वाद्य सारंगीच. एकाच लाकडाचें कोरीव खोड, त्यावर कातडें, तांतीच्या तीन तारा, खालीं पस्तिसांच्या आसपास तरफा. स्वर काढावयाचा तो नखाच्या मुळाशीं. एकोणिसाव्या शतकांतील चित्रांत नर्तकीच्या मागें पुष्कळदां दोन सारंगिये उभे दिसतात. वाद्यें कमरेस बांधलेलीं. ती पुढें सरली कीं तेही सरत. बसण्याची सोय नव्हती.

नाचासाठीं लेहरा धरावयाचा. लेहरा म्हणजे एका आवर्तनाची चाल. तीनताल असेल तर सोळा मात्रांची. तोडे-तिहाया कितीही आडव्या जावोत, लेहरा ढळतां कामा नये. त्याच्या वळणावरूनच समेची चाहूल लागते. दोन गज असले म्हणजे एकानें चाल सांभाळावी, दुसऱ्यानें मींडेची मोकळीक घ्यावी. शंभर वेळां ऐकूनही कंटाळा येऊं नये, तरी नजर नाचावरून हटूं नये, अशी चाल बांधणें मला तरी मोठ्या बंदिशीहून कठीण वाटतें.

बाखनें १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठीं सहा संच रचले. त्यांतील साराबांद, जीग हीं मुळांत नाचांचींच नांवें. पण ते संच नाचण्यासाठीं नव्हते, ऐकण्यासाठीं होते. नाच बाजूस झाला, त्याची चाल मानानें राहिली. आपल्याकडे ही फारकत अपमानानें झाली. नाचावरचा कलंक सारंगीस चिकटला आणि मैफिलींत पेटी आली. १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस बंदी केली, तेव्हां कित्येक सारंगियांस तेथें पोटापाण्याचा आधार मिळाला. १९५४ सालीं मुंबईस पंडित रामनारायण एकटे सारंगी घेऊन बसले, तर श्रोत्यांनीं त्यांचें वादन पुरतें ऐकूनही घेतलें नाहीं. दोन वर्षांनीं मात्र ऐकलें.

पुण्यांत १९४७ सालीं रोहिणी भाटे यांनीं नृत्यभारती स्थापिली, आणि ज्या घरांतून आम्हांस तो सूर ऐकूं देत नसत, त्याच घरांतील मुली कथक शिकूं लागल्या. आतां मंडईवरून परततांना एखाद्या वर्गांतून लेहरा कानीं येतो. तो बहुधा पेटीवरचा असतो.